एसआरएम ड्राइव्हचा वरचाच स्विच सारखा उडतोय? रेटिंग वाढवण्याआधी बूटस्ट्रॅप तपासा

लक्षण ठरलेलं असतं. स्विच्ड रिलक्टन्स मोटर (एसआरएम) टेबलावर छान चालते. एकदा वेग घेतला की तासभर चालवा, हीटसिंक जेमतेम कोमट. पण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली, किंवा लोड लावून अगदी हळू फिरवली, की फट्! उघडून बघावं तर एका फेजचा वरचा आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट. खालचा स्विच ठणठणीत, डायोड ठणठणीत, बऱ्याचदा स्विचला चालवणारा ड्रायव्हर आयसीसुद्धा शाबूत. नवा स्विच टाकला की मोटर चालू लागते आणि काही दिवसांनी पुन्हा तोच जातो, नाहीतर शेजारच्या फेजचा वरचा.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे २० अँपिअरचा होता, आता ४०चा टाका. मोटर बनवणारे करतात, कॉलेजमध्ये प्रोजेक्ट करणारी मुलं करतात, दुरुस्तीवालेही करतात. पैसे वाढतात आणि स्विच तरीही जातो, कारण तो करंट जास्त झाल्यामुळे गेलेलाच नसतो. गेटला, म्हणजे स्विच चालू-बंद करणाऱ्या पिनला, पुरेसा व्होल्टेज न मिळाल्यामुळे तो अर्धवट उघडा राहून भाजलेला असतो. मोठ्या आयजीबीटीचं गेटही मोठं, त्याला चार्ज जास्त लागतो, म्हणजे मूळ दुखण्यात थोडी भरच पडते.

सध्या या मोटरकडे पुन्हा लक्ष वळलंय त्याला कारण आहे. ४ एप्रिल २०२५ला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या मॅग्नेटवर निर्यात परवान्याची अट घातली आणि आपल्याकडच्या ईव्ही उद्योगाला मॅग्नेट मिळेनासे झाले. एसआरएमच्या रोटरमध्ये मॅग्नेट नाही, वाइंडिंग नाही, नुसत्या सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या. मोटर स्वस्त आणि दणकट. मग अडतं कुठे? कन्व्हर्टरपाशी. नेहमीचा थ्री फेज इन्व्हर्टर हिला जसाच्या तसा चालत नाही, वेगळा बोर्ड करावा लागतो, आणि तो स्वस्तात बसवायच्या नादात हा वरच्या स्विचचा रोग शिरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उदाहरणासाठी एक ठरावीक रचना धरू. २३० व्होल्ट सिंगल फेज, ब्रिज रेक्टिफायर, सुमारे ३२५ व्होल्टची बस (रेक्टिफायरमधून निघणारी डीसी लाइन). थ्री फेज १२/८ मोटर, म्हणजे स्टेटरला १२ पोल आणि रोटरला ८. प्रत्येक फेजला असिमेट्रिक हाफ ब्रिज, वरच्या स्विचला आयआर२११० जातीचा ड्रायव्हर आणि बूटस्ट्रॅप सप्लाय, म्हणजे एका कॅपॅसिटरमध्ये साठवलेल्या चार्जवर गेट चालवणारा सप्लाय.

इन्व्हर्टरमध्ये चालणारा बूटस्ट्रॅप इथे का फसतो

असिमेट्रिक ब्रिजमध्ये वाइंडिंग दोन स्विचच्या मध्ये असतं. बसच्या प्लसपासून वरचा स्विच, त्याच्या खालच्या टोकाला ‘अ’ म्हणू. ‘अ’पासून वाइंडिंग, वाइंडिंगचं दुसरं टोक ‘ब’, आणि ‘ब’पासून ग्राउंडपर्यंत खालचा स्विच. ग्राउंडकडून ‘अ’कडे एक डायोड, ‘ब’कडून प्लसकडे दुसरा. दोन्ही स्विच एकदम चालू राहिले तरी मध्ये वाइंडिंग आहे, त्यामुळे बस थेट शॉर्ट होत नाही. या रचनेचा हा फार मोठा गुण आहे, आणि म्हणूनच मी नवशिक्यांना हीच रचना घ्यायला सांगतो.

आता वरच्या स्विचच्या गेटला व्होल्टेज कुठून मिळतो ते बघा. १५ व्होल्ट सप्लायपासून एका डायोडमधून बूटस्ट्रॅप कॅपॅसिटर भरतो, पण त्याचं दुसरं टोक ‘अ’ला बांधलेलं. ‘अ’ ग्राउंडजवळ आला तरच तो भरणार. इन्व्हर्टरमध्ये वरच्या स्विचखाली दुसरा स्विच असतो, तो दर सायकलला मधला बिंदू ग्राउंडला ओढतो, चिंताच नाही. इथे वरच्या स्विचखाली फक्त डायोड आहे. तो ‘अ’ला खाली आणतो, पण कधी? वाइंडिंगमध्ये करंट वाहत असताना वरचा स्विच बंद झाला तरच. करंट नसेल तर ‘अ’ अधांतरी, आणि कॅपॅसिटर उपाशी.

यातून तीन प्रसंग निघतात. मोटर थांबलेली असताना ड्रायव्हर स्वतःसाठी थोडा करंट खात राहतो आणि कॅपॅसिटर रिकामा होतो; पुन्हा सुरू करताना पहिलाच स्ट्रोक (एका फेजची चालू राहण्याची पाळी) उपाशी गेटवर जातो. दुसरा प्रसंग म्हणजे अगदी कमी वेग, जिथे वरचा स्विच बराच वेळ सलग चालू राहतो. तिसरा सर्वात जास्त भेटतो आणि सर्वात कमी ओळखला जातो: करंट आवरायला खालच्या स्विचने चॉपिंग करणं, म्हणजे तो भराभर चालू-बंद करत राहणं. खालचा बंद झाला की करंट ‘ब’वरून वरच्या डायोडमधून प्लसकडे जातो आणि वरच्या स्विचमधून पुन्हा ‘अ’कडे येतो. सगळा फेरा वरच्या वर. या काळात ‘अ’ बसच्याच व्होल्टेजवर बसलेला, ग्राउंडकडे फिरकतही नाही. चॉपिंग १० किलोहर्ट्झने चालू आहे म्हणून आपण निश्चिंत असतो आणि तिकडे बूटस्ट्रॅपमध्ये एक थेंब पडत नाही.

हिशेब करून बघा

१५ व्होल्टमधून डायोडचा ड्रॉप गेला की कॅपॅसिटरवर साधारण १४ व्होल्ट राहतात. आयआर२११०चं अंडरव्होल्टेज लॉकआउट (व्होल्टेज कमी पडला की स्विच बंद करणारं संरक्षण) ८ व्होल्टच्या आसपास लागतं. म्हणजे हातात ६ व्होल्ट. ड्रायव्हरची वरची बाजू जास्तीत जास्त ०.२३ मिलिअँपिअर खाते. एवढंच असतं तर निभावलं असतं. पण गेट आणि एमिटर (आयजीबीटीचं खालचं टोक) यांच्यामध्ये सवयीने लावलेला १० किलोओहमचा रेझिस्टर बघा. स्विच चालू असेपर्यंत तो एकटा १.४ मिलिअँपिअर पितो, ड्रायव्हरच्या कितीतरी पट. हा रेझिस्टर गळतीचं खरं कारण असू शकतो हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, कारण सर्किटमध्ये तो निरुपद्रवी दिसतो.

कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरॅड असेल तर हे ६ व्होल्ट चार-पाच मिलिसेकंदांत संपतात. आता मोटरचा वेग घ्या. १२/८ मोटरमध्ये एक स्ट्रोक १५ अंशांचा. १५०० आरपीएमला तो १.६७ मिलिसेकंदांत संपतो, गेट अडीच-पावणेतीन व्होल्ट खाली येतं आणि स्ट्रोक संपताना पुन्हा भरतं. काही बिघडत नाही. ३० आरपीएमला तोच स्ट्रोक ८३ मिलिसेकंदांचा! मोटर वेगात तासन्‌तास चालते आणि हळू फिरवताना उडते, ती यामुळे.

त्यात सिरॅमिक कॅपॅसिटरची एक खोड आहे. छोट्या आकाराचा १ मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा एक्स७आर कॅपॅसिटर १५ व्होल्टवर बसवला की प्रत्यक्षात बराच कमी भरतो, कधी कधी निम्माच. डीसी व्होल्टेज चढला की त्याची क्षमता घटते. मीटरवर मोजताना मात्र पूर्ण दिसते, कारण मीटर तेवढा व्होल्टेज देत नाही.

गेट १० व्होल्टच्या खाली घसरलं आणि ८पर्यंत अजून पोचलं नाही, हा टापू घातक. ड्रायव्हरच्या दृष्टीने सगळं ठीक, म्हणून तो स्विच बंद करत नाही. आयजीबीटीच्या दृष्टीने मात्र १०-१५ अँपिअर वाहून न्यायला गेट अपुरं, म्हणून त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज दीड-दोन वरून शेकड्यात चढू लागतो. १५ अँपिअर गुणिले १०० व्होल्ट म्हणजे दीड किलोवॉट, एवढ्याशा चिपमध्ये. हीटसिंकला कळायच्या आत ती गेलेली असते. म्हणूनच हीटसिंक थंड आणि स्विच शॉर्ट असं कोडं दिसतं.

मोजायचं कसं, तेही जीव सांभाळून

वरच्या गेटवर साधा प्रोब लावू नका. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या अर्थला जोडलेली असते. ती ‘अ’वर लावली की बस अर्थमधून शॉर्ट. आणि स्कोपची अर्थ पिन कापून काम भागवायची पद्धत कुठे दिसली तर ती तिथेच थांबवा. त्या वेळी स्कोपची सगळी बॉडी ३२५ व्होल्टवर असते. डिफरन्शिअल प्रोब मिळत असेल तर उत्तम.

नसेल तर बस खाली आणा. आयसोलेटेड बेंच सप्लायवरून ४० व्होल्टची बस द्या, करंट लिमिट एक-दोन अँपिअरवर ठेवा. बूटस्ट्रॅपचा रोग ४० व्होल्टवरही तसाच दिसतो, कारण कॅपॅसिटर १५ व्होल्टवरून भरतो, त्याला बसशी घेणं नाही. सप्लाय आणि बोर्ड दोन्ही अर्थपासून सुटे आहेत याची खात्री करा, त्या वेळी कॉम्प्युटरची यूएसबी केबलही बोर्डाला नको. मग स्कोपचं एकच चॅनेल थेट बूटस्ट्रॅप कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर लावा. दुसऱ्या चॅनेलचा प्रोब काढून ठेवा, कारण दोन्ही क्लिप आतून एकच असतात.

आता रोटर हाताने धरून एका फेजला लांब पल्स द्या. पडद्यावर काय दिसतं ते सांगतो, कारण एकदा पाहिलं की विसरत नाही. पल्स सुरू होताच रेघ १४ व्होल्टवरून किंचित खाली बसते, तो गेटचा चार्ज. तिथून ती सरळ उताराला लागते. निरोगी बोर्डात हा उतार जेमतेम जाणवतो आणि चॉपिंगच्या दर ऑफ वेळेला रेघ टुणकन वर येते, करवतीच्या दातांसारखी. आजारी बोर्डात दातच नसतात. एक लांब घसरण, ८ व्होल्टच्या जवळ अचानक कडा, आणि वाइंडिंगचा करंट मध्येच तुटलेला. एवढं दिसलं की निदान पक्कं, आणखी स्विच जाळायची गरज नाही.

दुरुस्ती

बहुतेक इलाज प्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे फुकट. आधी प्रीचार्ज. सुरू करताना वरचे तिन्ही स्विच बंद ठेवा आणि खालचे एकामागून एक पाच-पाच मिलिसेकंद चालू करा. १५ व्होल्टमधून निघालेला करंट बूटस्ट्रॅप डायोड, कॅपॅसिटर, वाइंडिंग आणि खालचा स्विच या वाटेने जातो. वाटेत वाइंडिंग असल्यामुळे भरायला वेळ लागतो: २२ मायक्रोफॅरॅड आणि १० मिलिहेन्री असेल तर पाऊण मिलिसेकंद, रोटर अलाइन स्थितीत (त्याचा पोल स्टेटरच्या पोलसमोर) असून इंडक्टन्स ६० मिलिहेन्रीपर्यंत गेला तर पावणेदोन. पाच ठेवले की दोन्हीकडे पुरतात. इंडक्टन्स आणि कॅपॅसिटर एकत्र आले म्हणून व्होल्टेज दुप्पट उसळेल ही भीती काही जण बोलून दाखवतात. तसं होत नाही, ‘अ’ ग्राउंडच्या खाली जाऊ लागताच खालचा डायोड त्याला धरतो. करंट अँपिअरच्या आत राहतो, रोटर जागचा हलत नाही. मात्र १५ व्होल्टच्या सप्लायवर ड्रायव्हरजवळ १०० मायक्रोफॅरॅड तरी असू द्या, नाहीतर तोच खाली बसेल. मोटर अर्ध्या सेकंदाहून जास्त थांबली असेल तर दर वेळी प्रीचार्ज करा.

दुसरं, सॉफ्ट चॉपिंग वरच्या स्विचने करा. खालचा पूर्ण स्ट्रोकभर चालू, वरचा चालू-बंद. दर ऑफला ‘अ’ ग्राउंडला येतो आणि बूटस्ट्रॅप आपोआप भरतो. याचा आणखी एक फायदा खर्चात दिसतो. खालच्या स्विचच्या एमिटरमध्ये साधा शंट रेझिस्टर लावून करंट मोजायचा असेल तर वरच्या चॉपिंगमध्ये फ्रीव्हीलिंगचा (वरचा बंद असताना डायोडमधून फिरत राहणारा) करंटही त्याच शंटमधून जातो, सगळं दिसतं. खालच्या चॉपिंगमध्ये तो वरच्या वर फिरतो, शंटला पत्ता नाही, आणि मग हॉल सेन्सर घ्यावे लागतात.

तिसरं, सलग चालू राहण्यावर मर्यादा. वरचा स्विच १० मिलिसेकंदांहून जास्त सलग चालू राहिला की त्याला २०० मायक्रोसेकंद बंद करा. एवढ्यात करंट फारसा पडत नाही, टॉर्कमध्ये जाणवत नाही, कॅपॅसिटर मात्र सावरतो.

बोर्डावर बदल थोडेच. १० किलोओहमच्या जागी १०० किलोओहम. कॅपॅसिटर २२ मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) इलेक्ट्रोलिटिक, जोडीला पिनजवळ एक छोटा सिरॅमिक. एवढ्यावर गेट ६ व्होल्ट खाली यायला ०.४ सेकंद लागतो, चार मिलिसेकंद नाही. बूटस्ट्रॅप डायोड यूएफ४००७च हवा. १एन४००७ दिसायला हुबेहूब तसाच, पण रिव्हर्स रिकव्हरीला (उलट दिशेने बंद व्हायला) खूप वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात कॅपॅसिटरचा चार्ज उलटा परत जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत, अंगावरचा छापा वाचून घ्या. नवीन बोर्ड करत असाल तर ११-१२ व्होल्टला लॉकआउट लागणारा, आयजीबीटीसाठीच बनवलेला ड्रायव्हर निवडा. उपाशी गेटवर तो स्विच चालूच ठेवणार नाही. फरक थोड्या पैशांचा असतो, वाचतो तो अख्खा स्विच.

रोग दुसरा असेल तर

वरचा स्विच गेला म्हणजे बूटस्ट्रॅपच, असं नाही. स्विचसोबत ड्रायव्हर आयसीही जात असेल आणि तेही पूर्ण लोडवर चॉपिंग चालू असताना, तर ‘अ’ ग्राउंडच्या फार खाली जातोय का बघा. खालच्या डायोडकडे जाणाऱ्या तारेत १०० नॅनोहेन्री असेल आणि १५ अँपिअर १०० नॅनोसेकंदांत वळत असेल, तर १५ व्होल्टचा उलटा झटका बसतो. आयआर२११० चार-पाच व्होल्टपर्यंतच सोसतो. डायोड स्विचच्या अगदी शेजारी आणा, गेट रेझिस्टर वाढवा.

मोटर थांबवताना किंवा वेग एकदम कमी करताना स्विच जात असेल, त्यातही वरचा-खालचा दोन्ही, तर बस फुगतेय. फेज बंद होताना वाइंडिंगमधली ऊर्जा डायोडमधून बसवर परत येते आणि ब्रिज रेक्टिफायर ती लाइनला परत घेत नाही. कॅपॅसिटरवर कंजुषी केली असेल तर काय होतं ते आकड्यांत बघा. ४० मिलिहेन्रीमध्ये १० अँपिअर म्हणजे २ ज्यूल. ३२५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरॅड असेल तर बस ३३८पर्यंत जाते. १०० असेल तर ३८२. ४७ असेल तर ४३७, म्हणजे ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर गेलाच. नेहमीच्या चालण्यात ही ऊर्जा पुढचा फेज वापरतो, पण टर्न ऑफ अँगल (रोटरच्या ज्या स्थितीत फेज बंद होतो ती) उशिरा लागला तर फेज जनरेटर होऊन स्ट्रोकमागून स्ट्रोक भरणा करत राहतो. इथे स्वस्तातला बरा उपाय म्हणजे बसवर ब्रेक रेझिस्टर आणि तो जोडणारा एक स्विच.

स्विच कमी करून पैसे वाचवायचे असतील तर

तीन फेजना मिळून वरचा एकच स्विच ठेवायची रचना आहे. सहाऐवजी चार स्विच, सहाऐवजी चार डायोड. कागदावर फार आकर्षक दिसते. पण हा सामाईक स्विच एका फेजहून दुसऱ्या फेजवर जाताना चालूच राहतो, आणि जास्त वेगात चॉपिंग थांबलं की तो बंदच होत नाही. म्हणजे इथे बूटस्ट्रॅप उलट वेगात उपाशी मरतो. शिवाय दुसरा फेज चालू असताना सुटणाऱ्या फेजला उलटा व्होल्टेज मिळत नाही, करंट रेंगाळतो आणि मागे ओढणारा टॉर्क तयार होतो. पंख्यासारख्या ठरावीक कमी वेगाच्या कामाला ठीक, पण वरच्या स्विचला वेगळा आयसोलेटेड सप्लाय द्यायचा. एकच असल्यामुळे तो परवडतो.

बायफायलर वाइंडिंगमध्ये (दोन तारा जोडीने गुंडाळलेल्या) फेजला एकच स्विच लागतो आणि तोही खालचा, त्यामुळे बूटस्ट्रॅपचा प्रश्नच मिटतो. पण स्विचवर बसच्या दुप्पट आणि वर लीकेज इंडक्टन्सचा झटका येतो. ३२५च्या बसला ६०० व्होल्टचे स्विच तिथे पुरत नाहीत. लहान बॅटरीवरच्या मोटरला विचार करावा.

मला सर्वात पटलेला मार्ग म्हणजे बाजारात भरपूर मिळणारे थ्री फेज इन्व्हर्टर मॉड्यूल दोन घ्यायचे. एकाचे फक्त वरचे स्विच वापरायचे, दुसऱ्याचे फक्त खालचे. उरलेल्या स्विचचे आतले डायोड फ्रीव्हीलिंगचं काम करतात. हे मॉड्यूल प्रचंड संख्येने बनतात म्हणून सुट्या भागांच्या मानाने स्वस्त पडतात, आतल्या तारा आखूड असतात, संरक्षण आत असतं. आणि पहिल्या मॉड्यूलचा खालचा स्विच मोकळाच आहे ना? त्याला फेज बंद असताना थोडा वेळ चालू करा, ‘अ’ थेट ग्राउंडला येतो, बूटस्ट्रॅप वाइंडिंगची वाट न बघता भरतो. फक्त एक पथ्य पाळा: आता एका लेगमध्ये दोन स्विच आले, म्हणजे डेड टाइम (एक बंद झाल्यावर दुसरा चालू होण्याआधीची मोकळी वेळ) हवा, इन्व्हर्टरसारखाच.

दुरुस्तीनंतर लगेच पूर्ण बसवर जाऊ नका. ४० व्होल्टवर बूटस्ट्रॅपची रेघ बघून झाली की मेनमध्ये २०० वॉटचा सिरीज बल्ब लावा आणि मोटर रिकामी, सर्वात कमी वेगाने फिरवा. दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करा, दोन-तीन वेळा. बल्ब क्षणभर लागून विझायला हवा. दर स्ट्रोकला भपकत असेल तर एखादं गेट अजून उपाशी आहे, बल्ब काढू नका.